बारशाच्या आधी बाळाच्या लाळेचा एक स्वॅब घ्या की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत कर्णबधिर मुलांवर अख्खं पान होतं. चांगलं होतं, मशीन कुठे मिळतं, ऑपरेशनला सरकारी मदत कशी मिळते, शाळा कुठल्या, सगळं आलं. पण मुळात ऐकू का येत नाही याच्यावर एकच ओळ, आनुवंशिकता, नात्यातली लग्नं आणि ‘इतर कारणे’. माझं हे सगळं पत्र त्या ‘इतर कारणां’वर आहे. लांबलंय थोडं, कापा हवं तिथे, फक्त लाळेचा भाग ठेवा.

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं सरकारी लॅबमध्ये टेक्निशियन होते, २०२१ ला रिटायर झाले, म्हणजे शेवटचं सव्वा वर्ष निव्वळ कोविडच्या स्वॅबमध्ये गेलं. तेव्हा जे हातांनी केलं त्याच्यावरूनच हे सुचतंय.

सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा एक विषाणू आहे, नाव लांबलचक म्हणून सगळे सीएमव्ही म्हणतात. कांजिण्या ज्या कुटुंबातल्या, त्याच हर्पिस कुटुंबातला. मोठ्या माणसाला झाला तर कळतसुद्धा नाही, थोडी कणकण, घसा, झालं. आपल्याकडे बहुतेक सगळ्यांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो आणि एकदा आत आला की आयुष्यभर अंगात झोपून राहतो. पण गरोदरपणात तो जागा झाला, किंवा बाहेरून त्याचाच दुसरा प्रकार आला, तर नाळेतून बाळापर्यंत पोचू शकतो. पोटात असतानाच बाळाला होणाऱ्या संसर्गांमध्ये जगात हा सगळ्यात कॉमन आहे. श्रीमंत देशांत दर हजारी पाच-सात बाळं म्हणतात, आणि दिल्लीच्या एम्समधल्या लोकांनी २००८ मध्ये निमशहरी भागातल्या बाळांचा अभ्यास छापला होता त्यात आकडा शंभरात दोनच्या आसपास होता. अभ्यास लहान होता, चारेकशे बाळांचा, पण आकडा लहान नाही.

आता गंमत अशी (गंमत कसली), की अशा दहा बाळांतल्या साधारण नऊ बाळांना जन्मताना बघून काहीच कळत नाही. वजन बरं, रडणं खणखणीत, दूध ओढतंय. यातली बहुतेक पुढेही ठणठणीत राहतात, हेही सांगायला हवं, उगाच कुणी घाबरू नका. पण या वरून चांगल्या दिसणाऱ्यांतल्याच शंभरातल्या दहा-पंधरा बाळांचे कान पुढे जातात, काहींचे सहा महिन्यांनी, काहींचे दोन-तीन वर्षांनी. आनुवंशिक कारणं सोडली तर लहान मुलांच्या बहिरेपणाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची नात, आम्ही तिला चिऊ म्हणतो. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी कानात बुच घालून कान तपासायची ती ओएई टेस्ट झाली, दोन्ही कान पास, ती छोटी चिठ्ठी अजून फाइलला स्टेपल केलेली आहे. सव्वा वर्षाची असताना कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात वर करून ‘शीऽऽ’ करायची, सगळ्यांना हसवायची. मग ते कधीतरी बंद झालं. कधी ते कुणालाच नक्की सांगता येत नाही, कारण मूल एखादी गोष्ट करायचं सोडतं तेव्हा आपल्याला वाटतं कंटाळलं असेल. दिवाळीत तिच्या मागे दोन हातांवर लवंगी माळ लागली आणि ही शांतपणे करंजीचं सारण बोटाने काढून खात बसली होती. तेव्हा माझ्या बहिणीने माझ्याकडे बघितलं. बावीस महिन्यांची असताना बेरा टेस्ट (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची) झाली, दोन्ही कानांत गंभीर दोष.

मग कारण शोधायला निघालो. आनुवंशिक तपासणी झाली, काही सापडलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी सीएमव्हीचं नाव काढलं आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, पण आता ते कळायला मार्ग नाही. मी लॅबची बाई असून मला हे धड माहीत नव्हतं, म्हणून इथे नीट लिहिते. बाळाच्या लाळेत किंवा लघवीत हा विषाणू जन्मानंतर पहिल्या २१ दिवसांत सापडला तरच म्हणता येतं की तो पोटातून घेऊन आलं. त्यानंतर सापडला तर तो आईच्या दुधातून आला असेल, मोठ्या भावाच्या पप्पीतून आला असेल, सांगता येत नाही आणि असा नंतर आलेला विषाणू दिवस भरलेल्या बाळाला सहसा काहीच करत नाही. म्हणजे दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात सीएमव्हीच्या अँटिबॉडी निघाल्या तर त्याचा अर्थ शून्य. काही देशांत टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाचं कार्ड वर्षानुवर्षं जपून ठेवतात, मग मागे जाऊन बघता येतं. चिऊचं असं कार्डच नाही. तिला सीएमव्हीनेच झालं असं मी म्हणतच नाहीये. म्हणता येत नाही हेच दुखणं आहे.

मग सरळ सगळ्या बाळांची तपासणी का करत नाहीत? कॅनडातल्या ओंटारियोने जुलै २०१९ पासून सगळ्या बाळांची सुरू केली, अमेरिकेत मिनेसोटा राज्याने फेब्रुवारी २०२३ पासून. दोघेही ते टाचेच्या रक्ताचं वाळलेलं कार्ड वापरतात कारण ते तसंही दुसऱ्या आजारांसाठी घेतलेलं असतंच, वेगळं काही करावं लागत नाही. पण रक्तात विषाणू कमी असतो, काही बाळं निसटतात. लाळेचं तसं नाही. अशा बाळाच्या लाळेत विषाणू नुसता बदाबदा असतो. अमेरिकेत जवळपास ३५ हजार बाळांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये छापून आला, त्यात लाळेची पीसीआर (कोविडला करायचो तीच, विषाणू शोधायची टेस्ट), लाळ ओली असो की स्वॅब वाळवून पाठवलेला, जवळजवळ एकही बाळ सोडत नव्हती. अडचण एकच, दरेक बाळामागे एक पीसीआर. आपल्याकडे वर्षाला दोन कोटींच्या वर बाळंतपणं, एवढ्या पीसीआर म्हटल्यावर कुठलाही सचिव फाइल बंदच करणार. त्यांचंही चुकत नाही.

आणि इथे पूल येतो. पूल म्हणजे पोहायचा नाही.

ज्यांचं घर दुधावर चालतं त्यांना लगेच कळेल. टँकर डेअरीवर आला की एक नमुना घेतात, पास झाला की विषय संपला, तिथे कुणी प्रत्येक शेतकऱ्याची किटली पुन्हा तपासत बसत नाही. नापास झाला तरच मागे मागे जात कुठल्या गावच्या कॅनमध्ये पाणी होतं ते शोधतात. अगदी हेच. आठ बाळांची लाळ थोडी थोडी एका नळीत एकत्र करायची, एक पीसीआर लावायची, निगेटिव्ह आली की आठही बाळं मोकळी. पॉझिटिव्ह आली तर तो पूल फोडायचा आणि आठांची वेगवेगळी लावायची. ही कल्पना १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन नावाच्या अमेरिकन माणसाने मांडली होती, सैन्यात भरती होणाऱ्यांची सिफिलिसची तपासणी स्वस्तात करण्यासाठी. आणि आपण ती केलेली आहे. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरचं पत्र आलं होतं की जिथे पॉझिटिव्हिटी दोन टक्क्यांच्या खाली आहे तिथे पाच-पाच सॅम्पलचे पूल करा. आम्ही केले. पीपीई किटमध्ये, घामाने चष्म्यावर वाफ, एका हाताने पिपेट धरून पाच व्हीटीएमच्या (स्वॅब ज्या पाण्यात बुडवून ठेवतात त्याच्या) नळ्यांतून थोडं थोडं एका नळीत आणि शेजारी उभी असलेली पोरगी मोठ्याने नंबर वाचतेय कारण एक नंबर चुकला की पाच घरांचा घोळ. पुढे लाट वाढली, पाचातला एक तरी पॉझिटिव्ह निघायचाच, मग पूल करण्यात अर्थ उरला नाही. म्हणजे ही युक्ती चालते ती आजार विरळा असेल तेव्हाच. सीएमव्ही बरोब्बर तसा आहे.

जेरुसलेमच्या हदासा हॉस्पिटलने हे बाळांवर करून दाखवलंय. संशोधनापुरतं नाही, रोजच्या कामात. त्यांच्या दोन हॉस्पिटलांत १३ महिन्यांत १५,८०५ बाळं तपासली, म्हणजे जन्मलेल्यांतली ९३ टक्क्यांच्या वर, आठ-आठचे पूल करून. ५४ बाळं सापडली, हजारी ३.४. त्यातली निम्म्याहून जास्त वरून एकदम छान होती, ऐरवी ती घरी गेली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. आणि साधारण ८३ टक्के टेस्ट वाचल्या. सहा टेस्टच्या जागी एक, असं समजा.

लगेच कुणीतरी विचारेल की आठांची लाळ मिसळली तर विषाणू पातळ होऊन निसटणार नाही का. चांगला प्रश्न आहे, कोविडमध्येही हाच होता. आठपट पातळ होणं म्हणजे पीसीआरच्या भाषेत तीन सायकलचा फरक, कारण मशीन दर सायकलला दुप्पट करतं, दोन चार आठ. कोविडमध्ये ज्याची सीटी व्हॅल्यू (कितव्या सायकलला विषाणू दिसला तो आकडा, जितका मोठा तितका विषाणू कमी) आधीच ३५ आहे तो यात निसटायचा. पण या बाळांच्या लाळेत विषाणू लाखांनी असतो, त्यांना तीन सायकलने काय होतंय. एखादं अगदी काठावरचं सुटेल, मान्य. आज तर सगळीच सुटतायत.

आपल्याकडचा आकडा दोन टक्के धरून मी दुपारी वहीत हिशेब केला (रिटायर माणसाला दुसरं काय काम). हजार बाळं, आठ-आठचे १२५ पूल. त्यातले १८-१९ पॉझिटिव्ह येतील, ते फोडले की अजून दीडशे टेस्ट. एकूण पावणेतीनशे. हजाराच्या जागी पावणेतीनशे. जेरुसलेमसारखा आकडा असेल तर दीडशेच लागतील. आणि मशीन? कोविडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात आरटीपीसीआर लॅब उभ्या राहिल्या. त्यातल्या एका मशीनवर, मी काम करायचे तिथली गोष्ट सांगतेय, मागच्या महिन्यात भेटायला गेले तर निळं कव्हर घातलेलं आणि कव्हरवर कुणाचा तरी जेवणाचा डबा. आजकाल काम कमी आहे म्हणे मॅडम.

करायचं म्हटलं तर बारकावे आहेत, तेवढे लिहिते. पहिला, दूध पाजल्या पाजल्या स्वॅब घ्यायचा नाही. आईच्या दुधात सीएमव्ही असतो, तो बाळाच्या गालाला लागलेला असतो आणि फुकटचं पॉझिटिव्ह येतं. पाजल्यावर किमान तासभर थांबायचं. आता पहिल्या दोन दिवसांत बाळ सारखं अंगावर असतं, तास कुठून काढायचा हे वॉर्डातल्या सिस्टरलाच जमेल, बाहेर बसून जीआर काढणाऱ्याला नाही. (यावरून कुणी दूध बंद करायचा शहाणपणा करू नये, दिवस भरलेल्या बाळाला त्या दुधाने काही होत नाही.) दुसरा, लाळ पॉझिटिव्ह आली म्हणजे शिक्का मारायचा नाही, लघवी तपासून खात्री करायची आणि तीही २१ दिवसांच्या आत. म्हणजे लाळेचा रिपोर्ट आठवड्यात हातात पाहिजे, महिन्याने आला तर त्याची होडी करा.

आणि इथे आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नाही. बाळंतीण तिसऱ्या दिवशी घरी जाते, बरेचदा माहेरी, दुसऱ्या तालुक्यात. पण आशाताई तिथे जाते. घरी जाऊन बाळ बघायच्या तिच्या ठरलेल्या भेटी आहेत, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्यातल्या चार भेटी बरोबर आपल्याला हव्या त्या मुदतीत बसतात. दवाखान्यात स्वॅब राहिला तर सातव्या दिवशी ती घेईल, लघवीचा नमुना चौदाव्याला. बाराव्या दिवशी बारसं, म्हणजे नाव ठेवायच्या आधी पहिलं काम झालेलं असेल. मात्र त्याचे पैसे तिला वेगळे द्या आणि वेळेवर द्या, नाहीतर एक काम अजून तिच्या पिशवीत टाकलं एवढंच होईल.

सापडलेल्या बाळाचं करायचं काय, हा खरा प्रश्न, आणि यावर डॉक्टरमंडळींत दोन मतं आहेत हे मला माहीत आहे. ज्या बाळाला जन्मतःच त्रास दिसतोय, डोकं लहान, लिव्हर वाढलेलं, अंगावर जांभळे ठिपके, त्याला व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर नावाचं औषध सहा महिने देतात, पहिल्या महिन्यात चालू केलं तर कान आणि वाढ दोन्हीला थोडा फायदा होतो असं २०१५ च्या अभ्यासात दिसलं. औषध साधं नाही, पांढऱ्या पेशी खाली येतात, सारखं रक्त तपासावं लागतं. जे बाळ वरून छान आहे त्याला हे औषध सहसा देतच नाहीत. मग त्याच्या आईबापाला उगाच कशाला घोर लावायचा, असं एक डॉक्टर मला म्हणाले. तुमच्या दहातल्या आठ-नऊ बाळांना काही होणार नाही आणि त्यांच्या आया प्रत्येक टाळीला वळतंय का बघत बसतील.

मला ते पटतं, अर्धं. घोर लागेल. पण घोर लागलेली आई दर सहा महिन्यांनी कान तपासून आणेल आणि शिट्टीला ‘शीऽऽ’ म्हणणं बंद झालं की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात असेल, कित्येक महिन्यांनी नाही. बोलणं शिकायच्या वयात एवढे महिने म्हणजे काय असतात ते चिऊच्या स्पीच थेरपीच्या खोलीबाहेर बसून कळतं. ती आता ‘पाणी’ म्हणते. साडेतीन वर्षांची आहे.

कानाच्या मागे मागे राहून सारखं तपासायची सोय आपल्याकडे नाही असंही कुणी म्हणेल. आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे, जिल्ह्याला लवकर उपचारांची केंद्रं आहेत. कागदावर साखळी पूर्ण आहे, फक्त पहिली कडी नाही, कुठल्या बाळावर लक्ष ठेवायचं तेच माहीत नाही.

पैशांचं म्हणाल तर एक चिडचिड करून घेते. आपल्याकडे गरोदर बाईला, दोनदा गर्भपात झालेल्या बाईला हमखास टॉर्च टेस्ट (पोटातल्या बाळाला होऊ शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) लिहून देतात, हजार-दोन हजार जातात. त्यात सीएमव्हीची आयजीजी, म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेल्याची अँटिबॉडी, पॉझिटिव्ह येते, येणारच, आपल्याकडे जवळजवळ सगळ्याच बायकांची येते, लहानपणी होऊन गेलेला असतो म्हणून. ती बिचारी रिपोर्ट घेऊन लॅबच्या खिडकीशी रडत उभी राहायची आणि मी सांगायची, ताई माझी पण येईल, या काचेमागच्या सगळ्यांची येईल. त्या कागदावरून पोटातल्या बाळाला काही झालंय की नाही ते कळत नाही. तेवढ्या पैशात पूल करून किती बाळं तपासून होतील याचा हिशेब मी वहीत केला होता, रेट वेगवेगळे असतात म्हणून इथे लिहीत नाही, पण हसू आलं.

अजून एक, याला मशीन लागत नाही. हा विषाणू वर्ष-दोन-तीन वर्षांच्या पोरांच्या लाळेत आणि शूत महिनोन्‌महिने असतो. आणि दुसऱ्यांदा दिवस गेलेली आई काय करते? थोरल्याच्या ताटलीतला उरलेला वरणभात, टाकवत नाही म्हणून स्वतः खाते. त्याचाच चमचा. त्याचं शेंबूड-लाळ पुसून तसाच पदराला हात. चिऊची आई तेच करायची, तिचा मोठा तेव्हा दोन वर्षांचा होता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, पपई खाऊ नको हे मात्र सतरा जणींनी सांगितलं. लेकराचं उष्टं नको, पप्पी ओठांवर नको कपाळावर घे, लंगोट बदलला की साबणाने हात धू, एवढं जरी गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी सांगितलं तरी खूप.

माझं मागणं लहान आहे. अख्ख्या राज्यात उद्यापासून करा असं नाही. एखादं सरकारी मेडिकल कॉलेज, जिथे बाळंतपणंही भरपूर आहेत आणि मायक्रोबायोलॉजीत पीसीआरही आहे, आणि एखादा ग्रामीण जिल्हा, जिथे आशाताईंचं काम नीट चालतं, एवढ्या दोन ठिकाणी वर्षभर करून बघा. आपला खरा आकडा हजारी तीन आहे की वीस, ते तरी कळेल. पूल आठचा ठेवायचा की पाचचा ते त्याच्यावरच ठरेल.

तुमच्या वाचकांत बालरोगतज्ज्ञ आणि मायक्रोबायोलॉजीवाले असतीलच. कुठे असं काही चालू असेल तर याच सदरात कळवावं. आणि पूल लावायला अनुभवी हात हवे असतील तर आम्ही तिघी रिटायर टेक्निशियन याच गावात राहतो, नंबर मोठ्याने वाचून दाखवणारी ती पोरगी अजून नोकरीत आहे, तिलाही विचारते.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन